प्रकल्प नोंदी: बटरच्या जागी ऑलिव्ह तेल, आईच्या वहीतले चार पदार्थ

२७ एप्रिल, रविवार

आजपासून नोंदी ठेवते. जानेवारीत बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी साय, बटर, तूप यांवर बोट ठेवलं आणि तेलही मोजून वापरायला सांगितलं. बाबांनी सगळं मुकाट्याने मानलं. फक्त रविवारी चारच्या चहाला ते ताटलीकडे बघतात, आणि ताटलीत मारी बिस्किट असतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात आई झाकणाला काच असलेल्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये केक करायची, तेव्हापासूनचा हा रविवारचा केक. तो घरातून जाऊ द्यायचा नाही, एवढं ठरवलं आहे.

आईच्या वहीतले चार पदार्थ घेतले: लिंबाचा केक, रवा केक, चॉकलेट केक, नानकटाई. पहिल्या तिन्हींत ‘अमूल १ वडी’, म्हणजे १०० ग्रॅम बटर. नानकटाईत तूप. अलकापुरीतल्या दुकानातून एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे रिफाइंड न केलेल्या, ऑलिव्ह तेलाची अर्ध्या लिटरची गडद काचेची बाटली आणली. वाट्या-चमचे बंद, सगळं वजनकाट्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

२८ एप्रिल

करण्याआधी गणित. आपलं पाकिटातलं बटर म्हणजे नुसती चरबी नव्हे. शंभर ग्रॅममध्ये किमान ८० ग्रॅम चरबी, १६ ग्रॅमपर्यंत पाणी, ३ ग्रॅमपर्यंत मीठ, उरलेला अंश दुधाचा. तेल मात्र सगळंच्या सगळं चरबी. म्हणून १०० ग्रॅम बटरला ८० ग्रॅम तेल, वर १५-१६ ग्रॅम दूध किंवा पाणी, आणि दोन चिमटी मीठ. हे मीठ लोक विसरतात आणि मग तेलाचा केक बेचव लागतो म्हणतात.

बाबांना हेही सांगून टाकलं की उष्मांक कमी होणार नाहीत. १०० ग्रॅम बटरचे साधारण ७१७, ८० ग्रॅम तेलाचे साधारण ७०७. फरक आहे तो संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीत, बाबांच्या हृदयाला नको असलेल्या: तेवढ्या बटरमध्ये सुमारे ५१ ग्रॅम, तेवढ्या तेलात ११ च्या आसपास. म्हणजे केकचा तुकडा एकच राहणार. “एक तर एक, पण मारी नको,” म्हणाले.

२९ एप्रिल

लिंबाचा केक, प्रयोग १. मुद्दाम चुकीचा करून पाहिला: १०० ग्रॅम बटरला १०० ग्रॅम तेल. चुकलं तर कसं दिसतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मधोमध खळगा पडला, बटर पेपर पारदर्शक झाला, तुकडा उचलला की बोटांना तेल. कडा मात्र कडक. कामवाल्या ताईंना दिला तर त्यांनीही अर्धाच खाल्ला.

४ मे, रविवार

प्रयोग २. तेल ८० ग्रॅम, दूध १५ ग्रॅम, मीठ. बाकी वहीप्रमाणे: मैदा १५०, साखर १५०, अंडी ३, बेकिंग पावडर एक सपाट चमचा, दोन लिंबांची किसलेली साल. कृतीही वहीचीच ठेवली, म्हणजे आधी बटर-साखर फेसतात तसं तेल-साखर फेसलं. दहा मिनिटं बीटर चालवला. भांड्यात ओल्या वाळूवर तेल तरंगत होतं, तेच शेवटपर्यंत.

तेलकटपणा गेला. पण केकची उंची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. बटरचा याच डब्यात पाचपर्यंत जातो. आत घट्ट, लापशी थिजल्यासारखा.

आई ओट्याशी उभी राहून बघत होती. म्हणाली, “अगं, पांढरं झालंच नाही ना ते.” तिने एका वाक्यात सगळं सांगितलं. मऊ बटरमध्ये साखरेचे कण घासले जातात तेव्हा प्रत्येक कणामागे हवेचा बारीक बुडबुडा अडकतो, आणि बटर मऊ असलं तरी घट्ट असल्यामुळे तो धरून ठेवतं. म्हणून रंग पिवळ्याचा पांढरट होतो. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, असलेले फुगवते. तेल पातळ, त्यात बुडबुडा टिकतच नाही. म्हणजे बटर या केकमध्ये दोन कामं करत होतं: एक स्निग्धपणाचं, दुसरं हवा धरण्याचं. मी एकाच कामाचा बदली माणूस आणला होता.

६ मे

प्रयोग ३. हवा धरण्याचं काम अंड्यांना दिलं. अंडी फ्रिजमधून दोन तास आधी बाहेर. तीन अंडी आणि साखर वेगाने सात मिनिटं फेटली. बीटर उचलला की मिश्रणाची पट्टी पडते आणि दोन-तीन सेकंद वर दिसत राहते, तिथपर्यंत. मग वेग कमी करून तेल बारीक धारेने. एकदम ओतलं तर ते तळाशी जाऊन बसतं. दुधाऐवजी ६० ग्रॅम दही, पाणी निथळलेलं नको, साधं. मैदा तीनदा चाळून, चमच्याने खालून वर अलगद. १७० अंशांवर ४० मिनिटं. आईने तिची विणकामाची सुई खुपसली, कोरडी आली.

उंची पावणेपाच. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आत जाळी. बाबांनी तुकडा संपवला आणि बशीतला चुरा बोटाने टिपून खाल्ला. मला आणखी काही विचारायची गरज नव्हती.

दोन उणिवा. रंग फिका, आणि बटरचा तो दुधाळ खमंग वास नाही. भाजताना तपकिरी होतो तो बटरमधला दुधाचा अंश, तेलात तो नाहीच.

८ मे

चुकून सापडलेली गोष्ट. ६ तारखेच्या केकचा तुकडा आणि त्याच दिवशी तुलनेसाठी केलेल्या बटरच्या केकचा तुकडा डब्यात ठेवले होते. आज तिसरा दिवस. बटरचा कोरडा, घशात अडकणारा. तेलाचा मऊ, उलट लिंबाचा वास आज जास्त. तेलाच्या केकमध्ये दह्याचं पाणी आहे, पण कारण तेवढंच नव्हे. तेल खोलीतल्या तापमानाला पातळच राहतं म्हणून जिभेला ओलसर लागतं, बटर जरा गारवा मिळाला की थिजतं. दोन्ही तुकडे तासभर फ्रिजमध्ये ठेवून पाहिले तेव्हा फरक फारच स्पष्ट झाला, बटरचा वडीसारखा टणक.

उन्हाळ्याची आणखी एक सोय. या दिवसांत बडोद्यात बटर ‘मऊ’ असण्याची वेळ दहा मिनिटं टिकते, मग ते वितळतं आणि फेसलं जात नाही. मी दरवर्षी मे महिन्यात पंख्याखाली बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून फेसायची. तेलाला बारा महिने सारखेच.

११ मे, रविवार

प्रयोग ४. मैद्यात १० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर. रंग आला, वासही बराचसा आला. हा बदल कायम.

शेजारच्या मासी आल्या होत्या. त्यांनी काळजीने विचारलं की ऑलिव्ह तेल तापवलं की विषारी होतं ना, आणि ओव्हन तर १७०. मी ओव्हनच्या थर्मामीटरची दांडी केकमध्ये खुपसूनच दाखवली: केक तयार झाला तेव्हा मधोमध ९८ अंश. केकच्या पोटात पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या फार वर जातच नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाचा धूर साधारण १९० ते २१० अंशांच्या दरम्यान सुरू होतो. तळण्याचा प्रश्न वेगळा, केकमध्ये ही भीती नको. मासींचं समाधान झालं.

१४ मे

चवीची चाचणी. तीन सारखे छोटे केक: एक बटरचा, एक एक्स्ट्रा व्हर्जिनचा, एक फिल्टर सिंगतेलाचा, म्हणजे नुसत्या गाळलेल्या शेंगदाणा तेलाचा. आपण बडोद्यात राहतो, घरात पंधरा किलोचा सिंगतेलाचा डबा असतो. महागड्या बाटलीची गरज आहे का हे तपासणं भाग होतं. ताटल्यांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या. आई, बाबा, दादा, वहिनी आणि भाचा.

सिंगतेलाचा सगळ्यांनी ओळखला. भाचा म्हणाला, “शेवेचा वास येतोय, आत्या.” खरंच येत होता. बटर आणि ऑलिव्ह यांत मात्र गोंधळ झाला. दादा आणि बाबा ऑलिव्हला बटर समजले. वहिनीला घशात किंचित तिखट झणका लागला. तो या तेलाचा अंगचा गुण, ताज्या एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये असतोच. लिंबाच्या सालीबरोबर तो शोभतो. व्हॅनिला घालून केलेल्या छोट्या कपकेकमध्ये मात्र मला तो उपरा वाटला. तिथे बाजारात ‘लाइट’ नावाने मिळतं ते शुद्धीकृत ऑलिव्ह तेल बरं. ‘लाइट’ म्हणजे चवीला हलकं, उष्मांक तेवढेच. दादा इतके दिवस उलट समजत होता आणि पराठ्यावर दुप्पट घालत होता.

१८ मे, रविवार

रवा केक. यात सांगण्यासारखं फार नाही, पहिल्याच फेरीत जमला. बारीक रवा २००, दही २००, साखर १५०, तेल ८०, दूध ६० ग्रॅम, वेलदोडा, अर्धा चमचा सोडा शेवटी. मूळ कृतीत बटर वितळवूनच घालायचं होतं, म्हणजे हवेचं काम त्याच्याकडे कधीच नव्हतं. अर्धा तास मुरवला, रव्याने ओल पिऊन घेतली. अंडं नाही, त्यामुळे मासींच्या घरीही चालला.

यावरून पुढचं ओळखता आलं. वहीत जिथे ‘बटर पातळ करून’ लिहिलंय तिथे तेल डोळे मिटून चालेल. जिथे ‘फेसून’ लिहिलंय तिथे आधी विचार करायचा की हवा आता कोण धरणार.

२० मे

चॉकलेट केक. कोको उकळत्या पाण्यात कालवून त्यात तेल. उत्तम. पण कोकोपुढे ऑलिव्हचा वास उरतच नाही, मग बाटली कशाला रिकामी करायची? रिफाइंड सिंगतेलाने पुन्हा केला, कोणालाही फरक कळला नाही. त्यातही संपृक्त चरबी शंभर ग्रॅमला १७ ते २०, बटरच्या निम्म्याहून कमी. चॉकलेटला सिंगतेल, ठरलं.

२२ मे

नानकटाई. इथे माझा खरा कस लागणार हे माहीत होतं.

तूप जवळपास सगळं चरबीच, त्यामुळे गणित सरळ: १०० ग्रॅम तुपाला १०० ग्रॅम तेल. पिठीसाखर १००, मैदा १५०, बेसन ५०, जायफळ. पीठ गोळा होईना. मुठीत दाबलं की जमतं, सोडलं की चुरा. कसेबसे वळून ओव्हनमध्ये ठेवले तर सहाव्या मिनिटाला सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या. थाळीभर एकच पोळी झाली.

२३ मे

नानकटाई, प्रयोग २. तेल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं होतं. ऑलिव्ह तेल थंडीत धुरकट होऊन दाटतं, कणीदार होतं. सकाळी ते सायीसारखं दिसत होतं आणि मला वाटलं, जमलं. परातीत घेऊन हात लावला आणि अर्ध्या मिनिटात ते बोटांमधून ओघळलं. खोलीत ३८ अंश होते. वीस मिनिटंही लागली नाहीत बाटलीतल्यासारखं व्हायला.

२५ मे, रविवार

प्रयोग ३. तेल ८० वर आणलं, बेसन वाढवलं, वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून थेट गरम ओव्हनमध्ये. आकार टिकला. बाबांनी एक तोडली. “कट” असा आवाज आला. चांगलं बिस्किट आहे, म्हणाले. नानकटाई आहे असं म्हणाले नाहीत.

नानकटाई तुटताना आवाज होत नाही. ती जिभेवर विरते.

संध्याकाळी आईने काही न बोलता परात काढली. ७१ वर्षांची आहे, उजव्या मनगटाला पट्टा असतो. घट्ट रवाळ तूप घेतलं आणि तळहाताने फेसायला लागली. गोल, गोल, मध्येच एक चमचा पिठीसाखर, पुन्हा गोल. वीस मिनिटांनी तूप पांढरंशुभ्र झालं, दुप्पट दिसू लागलं. त्यातला थेंबभर गोळा तिने पाण्याच्या वाटीत टाकला आणि तो तरंगला. “हे बघ, झालं,” म्हणाली. मी हे लहानपणापासून पाहत आले, पण तूप पांढरं होऊन फुगतं ते का, हे मला आज कळलं. त्यात तिने हवा भरली होती, तळहाताने, एकेक फेऱ्याने. आणि ती हवा घट्ट तूप धरतं, पातळ तेल धरणार नाही. ओव्हनमध्येही तूप हळूहळू वितळतं, तोवर पीठ आकार धरतं. तेल आधीच वितळलेलं, थांबणार कशासाठी?

नानकटाई प्रकल्पातून काढली. ती तुपाचीच राहील, दिवाळीत होईल, बाबांना एक मिळेल. अर्धवट नक्कल करून रोज देण्यापेक्षा वर्षातून एक खरी द्यावी, असं मला मनापासून वाटतं. बाबांना विचारलं. म्हणाले, “एक, पण आईच्या हातची.”

१ जून, रविवार

केसर आंब्याचा मोसम संपत आला म्हणून मध्येच हा प्रयोग. लिंबाच्या केकमध्ये दह्याऐवजी १५० ग्रॅम रस घातला. खाली बसला, मधोमध ओला गोळा. पाणी फार झालं. पुन्हा केला तेव्हा २०० ग्रॅम रस मंद आचेवर १२० पर्यंत आटवला आणि त्यातला फक्त ६० घेतला, उरलेला वर लावला. छान झाला. आंबा आणि हे तेल यांचं जमतं, दोघांतही हिरव्या पानासारखा एक वास आहे.

१० जून, वटपौर्णिमा

नुकसान. सध्याची बाटली गेले काही आठवडे गॅसशेजारच्या फळीवर होती. आज झाकण उघडलं तर जुन्या अक्रोडाचा वास. उष्णता आणि सतत उघडझाक, दोन्हींनी तेल खवट झालं. उरलेलं सगळं टाकून दिलं. चूक माझी. यापुढे छोटी बाटली, बंद कपाटात, गॅसपासून लांब, आणि झाकणावर उघडल्याची तारीख.

१५ जून, रविवार

नानकटाईच्या जागी बाबांना चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत हवं होतं. कणीक १५०, बारीक रवा ५०, ऑलिव्ह तेल ४०, जिरं, मिरी, मीठ, लागेल तसं पाणी. पातळ लाटून, काट्याने टोचून, शंकरपाळ्याच्या कातणीने कापून १८० अंशांवर १६ मिनिटं. इथे तेलच हवं, बटर नको. खुसखुशीत होण्यासाठी हवा लागत नाही, पिठाला नीट चोळलेलं मोहन लागतं. आणि मोहन तर आपण पिढ्यान्‌पिढ्या तेलाचंही घालत आलो. बाबांनी याला नाव दिलंय ‘रविवारची खारी’.

२२ जून, रविवार

पाऊस सुरू झाला. खारी एका दिवसात सादळली. डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवून पाहिली, थोडाच फरक. त्यापेक्षा पाच मिनिटं १५० अंशांवर पुन्हा भाजली की ठीक होते.

वहिनीच्या ओव्हनमध्ये लिंबाचा केक करून पाहिला. तिचा काटा १७० दाखवतो तेव्हा आत थर्मामीटरवर १८५. वरून करपला. १५५ वर ठेवून पुन्हा केला, बरोबर ४० मिनिटांनी सुई कोरडी.

२९ जून, रविवार

आज आईने स्वतःहून वही मागितली. लिंबाच्या केकचं पान काढलं. ‘अमूल १ वडी’ ही ओळ तिने खोडली नाही. तिच्या समोर, समासात, निळ्या पेनने लिहायला लागली: ऑलिव्ह तेल ८० ग्रॅम. मीठ २ चिमटी. दूध पावडर १०. अंडी-साखर आधी, पट्टी पडेपर्यंत.

मग चष्मा वर करून विचारलं, “दही किती गं?”

“साठ.”

साठ, तिने लिहिलं. ओव्हनमध्ये केक अजून बारा मिनिटं होता आणि बाबांनी चहा टाकला होता.